खाडीवरची जुनी मोटर आणि प्लगच्या वायरी

डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या पुढे वस्ती संपते आणि उल्हास नदीची खाडी लागते. भरतीचं पाणी इथवर चढतं, त्यामुळे पाणी मचूळ आणि काठची हवा बारा महिने दमट. या पट्ट्यात होडीला लावलेली किंवा शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली आउटबोर्ड मोटर वर्षातला बराच काळ नुसती पडून असते. तिची खरी आठवण येते ती पावसाळ्यात. २६ जुलै २००५ चा पूर या भागात कोणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला बोटीच कामाला आल्या. गणेश विसर्जनाच्या दिवशी घाटावर बोट लागतेच. म्हणजे ज्या दिवसांत हवा सर्वांत ओली, त्याच दिवसांत दोरी ओढल्यावर मोटर लागली पाहिजे आणि लागल्यावर प्रवाहाविरुद्ध तग धरून चालली पाहिजे.

यातल्या दुसऱ्या अटीवरच अनेक जुन्या मोटरी नापास होतात. काठावर पाण्याच्या ड्रममध्ये छान सुरू होतात, संथ चालतात. होडीत माणसं बसली आणि थ्रॉटल उघडला की मात्र मिसिंग मारू लागतात. मग कार्बोरेटर उघडला जातो, पेट्रोलला दोष दिला जातो, नवे प्लग बसतात. प्लगच्या वायरींकडे बहुतेक वेळा शेवटी लक्ष जातं, कारण प्लग बाहेर काढून बघितला तेव्हा ठिणगी ‘मस्त’ पडलेली असते. ही उघड्यावर पडलेली ठिणगी वायरीबद्दल फारसं काही सांगत नाही. असं का, हे एकदा समजलं की वायर तपासायची कशी, निवडायची कोणती आणि बसवायची कशी हे सगळं ओघाने येतं. इथे डोळ्यांसमोर धरली आहे ती कार्बोरेटरवाली, दोन किंवा तीन सिलिंडरची, १५ ते ४० हॉर्सपॉवरची जुनी टू-स्ट्रोक मोटर.

ठिणगी तयार होते कशी

मोटरच्या डोक्यावर फ्लायव्हील असतं आणि त्याच्या आतल्या कडेला चुंबक. दोरी ओढली की चुंबक खालच्या चार्ज कॉइलवरून फिरतात आणि वीज तयार होते. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फार जुन्या मोटरींत पुढचं काम पॉइंट आणि कंडेन्सर करतात. त्यानंतरच्या बहुतेक मोटरींत सीडीआय युनिट असतं. चार्ज कॉइलची वीज त्यातल्या कपॅसिटरमध्ये दोनशे ते चारशे व्होल्टपर्यंत साठते. पिस्टन योग्य जागी आला की पल्सर कॉइल इशारा देते आणि साठलेली सगळी वीज एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये उतरते. ही कॉइल तिचे काही हजार व्होल्ट करते आणि ते वायरीतून प्लगपर्यंत जातात.

नेमके किती हजार, हे कॉइल ठरवत नाही. व्होल्टेज शून्यापासून चढत जातं आणि वाटेत जिथे पहिल्यांदा हवा किंवा इन्सुलेशन हार मानेल तिथून ठिणगी उडी मारते. उडी मारली की व्होल्टेज तिथेच थांबतं. साध्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र पिस्टनने हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून धरलेलं असतं, आणि दाब जितका जास्त तितकं तीच फट ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. संथ चालताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं शिरतं, दाब कमी राहतो. थ्रॉटल उघडून भार टाकला की सिलिंडर भरून येतो आणि तोच प्लग दहा, पंधरा हजार किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट मागू लागतो.

आता समजा, वायरीच्या इन्सुलेशनला एक बारीक चीर आहे आणि तिथून ब्लॉकपर्यंत उडी मारायला बारा हजार व्होल्ट लागतात. उघड्या हवेतल्या प्लगला चार हजार पुरले, ठिणगी पडली, वायर पास. ड्रममध्ये संथ चालताना सात-आठ हजारांत भागलं, पुन्हा पास. खाडीत भार आला, प्लगने चौदा हजार मागितले, आणि व्होल्टेज बारा हजारांवर पोचताच ठिणगी चिरेतून ब्लॉकमध्ये निघून गेली. बागेतल्या जुन्या पाइपाचं असंच असतं: नळ जरासा सोडला तर कोरडा वाटतो, पूर्ण सोडला की भेगेतून पिचकारी उडते. टू-स्ट्रोक मोटरचा प्रत्येक प्लग दर फेरीला पेटतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या वर ठिणग्या. त्यातल्या काही जरी चिरेतून गेल्या तरी मोटर गचके देते, जोर धरत नाही, आणि न जळलेलं मिश्रण प्लगवर बसून तो ओला-काळा करतं. मग प्लग काळा पडला म्हणून प्लग बदलला जातो आणि चीर तशीच राहते.

वायर खराब का होते

पहिलं कारण वय. झाकणाखाली मोटरची उष्णता असते, तेलाची वाफ असते, आणि जास्त व्होल्टेजच्या वायरीभोवती थोडा ओझोनही तयार होत राहतो. ओझोन रबराला तडे पाडतो. जुनी रबरी वायर वाकवली की वाकाच्या बाहेरच्या कडेला बारीक जाळी दिसते, ती हीच.

दुसरं कारण मचूळ पाणी. नुसतं शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, पण मीठ मिसळलेलं पाणी नेतं. प्लगच्या टोपीत खारट ओलावा वाळला की मिठाचा पातळ थर उरतो. जून-जुलैतली दमट हवा लागली की तो पुन्हा ओला होतो आणि प्लगच्या चिनी मातीवरून ठिणगीला खाली उतरायला वाट मिळते. अशी ठिणगी वारंवार उतरली की टोपीच्या आत काळी बारीक रेघ उमटते. ती कार्बनची असते, आणि एकदा पडली की पुसून जात नाही.

तिसरं कारण बाहेरून दिसतच नाही. वायरीच्या टोकातून पाणी आत शिरलं की तांब्याच्या बारीक तारांमधल्या पोकळीतून ते पुढे सरकत जातं. अशा वायरीचं टोक धारदार पात्याने सरळ कापून बघा. बाहेरचं रबर मऊ, काळंभोर, अगदी धडधाकट. आतला गाभा मात्र लालसर चकाकायचं सोडून मळकट काळा, आणि तारांच्या मध्ये हिरवी पूड. बोटाने दाबली तर दोन-चार तारा तुटून हातात येतात. वायर निर्दोष दिसत असूनही तिच्यातून जाणारी ठिणगी आतल्या आत छोट्या-छोट्या फटी ओलांडत जात असते.

चौथं कारण माणसाने केलेलं. टोपी काढताना ती धरून ओढण्याऐवजी वायर धरून ओढली जाते, आणि टोपीच्या आतला स्क्रू वायरीच्या गाभ्यातून सैल होतो. मूळ क्लिप हरवलेली असते, म्हणून वायर लोंबते आणि फ्लायव्हीलला किंवा थ्रॉटलच्या दांडीला घासत राहते.

दोष खरंच वायरीत आहे का

वायरीला हात लावण्याआधी दोन-तीन गोष्टी निकालात काढाव्यात. एकाही प्लगला करंट येत नसेल तर सगळ्या वायरी एकदम गेल्या असण्याची शक्यता कमी. आधी लाल दोरीची सेफ्टी क्लिप जागेवर आहे का बघा; ती नसेल तर मोटर मुद्दामच ठिणगी बंद ठेवते. मग स्टॉप स्विच, नंतर चार्ज कॉइल आणि सीडीआय. एकाच सिलिंडरची तक्रार असेल, तेही भार आल्यावर, तर संशय वायर, टोपी, प्लग आणि त्या सिलिंडरच्या कॉइलवर. संथ चालताना बंद पडते पण थ्रॉटल दिल्यावर सुधारते, असं उलट घडत असेल तर कार्बोरेटरचा संथ जेट किंवा तेलकट प्लग आधी बघावा. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओलावा ओढायची सवय आहे, त्यामुळे टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल बदलल्याशिवाय पुढचं निदान करूच नये.

स्कूटरच्या काळातली एक सवय मात्र इथे सोडायला हवी. चालू इंजिनाची टोपी उपटून ‘फरक पडतो का’ बघण्याची रीत गॅरेजमध्ये सर्रास आहे. सीडीआय मोटरवर हे करू नये. टोपी हवेत लटकली की ठिणगीला वाट उरत नाही, व्होल्टेज कॉइलच्या कमालीपर्यंत चढतं आणि शेवटी कॉइलचं किंवा सीडीआयचं इन्सुलेशन फोडून बाहेर पडतं. हातातून गेलं तर जोराचा झटका बसतो. पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामाच्या आसपासही थांबू नये.

तपासणी तीन पायऱ्यांत करावी.

पहिली नजरेची. मोटर थंड असताना झाकण काढा. प्रत्येक वायर कोरड्या कापडाने पुसा, हळूच वाकवून सगळ्या बाजूंनी बघा. ज्या जागी ती क्लिपला किंवा ब्लॉकला टेकते तिथे राखाडी-पांढरा ठिपका असेल तर तिथून ठिणगी जात होती. टोपी पिरगाळत काढा आणि आत बॅटरीचा उजेड टाका. काळी रेघ किंवा हिरवट गंज दिसला तर टोपी बाद.

दुसरी मल्टिमीटरची. वायरीचं एक टोक ते टोपीतला धातू असा ओहम मोजा. तांब्याच्या गाभ्याची वायर आणि साधी टोपी असेल तर आकडा जवळजवळ शून्य यावा. टोपीत रेझिस्टर असेल तर पाच हजार ओहमच्या आसपास यावा. मोजताना वायर हलवत राहा. आकडा नाचला तर आत कुठेतरी तुटलं आहे. पण मीटरच्या मर्यादा ओळखून असावं. तो काही व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो; बारा हजार व्होल्टला गळणारी चीर त्याला कधीच दिसत नाही. मीटरने ‘खराब’ म्हटलं तर विश्वास ठेवावा, ‘चांगली’ म्हटलं तर ठेवू नये.

तिसरी आणि खरी परीक्षा जास्त व्होल्टेजची. यासाठी फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो. सीडीआय मोटरसाठी त्याची फट साधारण १० ते ११ मिलिमीटर ठेवतात. उघड्या हवेत एवढी फट ओलांडायची तर कॉइलला दाबाखालच्या प्लगइतकं व्होल्टेज द्यावं लागतं, म्हणजे भाराची परीक्षा काठावरच होते. टेस्टरचा चिमटा ब्लॉकला घट्ट लावा, बाकीच्या वायरीही ब्लॉकला अर्थ करून ठेवा आणि दोरी ओढा. निळी, कडाडणारी, एकसारखी ठिणगी हवी. फिकट पिवळसर, अधूनमधून चुकणारी ठिणगी म्हणजे काहीतरी गळतंय. प्लगची भोकं उघडी असतील तर त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. म्हणून पेट्रोलचा पाइप आधी काढून ठेवा, प्लग शक्यतो जागेवरच राहू द्या आणि टेस्टर त्यांच्यापासून लांब लावा.

टेस्टर नसेल तर अंधाराचा उपयोग करा. संध्याकाळी, ड्रममध्ये पाणी भरून, खालचा भाग पुरता बुडवून मोटर चालवा. पाण्याशिवाय चालवली तर पंपाचं रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतं. फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर अगदी हलका पाण्याचा तुषार मारा, कार्बोरेटर वाचवून. गळकी वायर लगेच स्वतःला दाखवते. तिच्या अंगावरून निळसर रेघा ब्लॉककडे धावतात, टकटक आवाज येतो आणि त्याच तालात मोटर अडखळते. हात, बाही, केस फिरत्या फ्लायव्हीलपासून दूर ठेवावेत, हे वेगळं सांगायला नको.

वायर कोणती घ्यावी

जुन्या आउटबोर्डला बहुतेक करून ७ मिलिमीटर जाडीची, तांब्याच्या बारीक तारांच्या गाभ्याची वायर असते. खाडीसाठी कलई केलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. कलईमुळे गंज उशिरा लागतो. बाहेरचं आवरण सिलिकॉनचं असेल तर उष्णता आणि ओझोन ते चांगलं सोसतं, पण घासलं तर लवकर कापलं जातं. ईपीडीएम रबर घासण्याला जास्त टिकतं. वायर क्लिपांमध्ये नीट बसणार असेल तर सिलिकॉन घ्यावं, कुठे घासण्याची शक्यता असेल तर ईपीडीएम. ८ मिलिमीटरची जाड वायर घेतल्याने ठिणगी मोठी होत नाही, हे लक्षात असू द्यावं. उलट ती जुन्या टोपीत आणि क्लिपमध्ये बसत नाही.

मोटारगाडीची वायर इथे चालत नाही. गाड्यांमध्ये रेडिओची खरखर टाळण्यासाठी कार्बन भरलेल्या काचतंतूचा गाभा वापरतात. आउटबोर्डच्या कॉइलमध्ये आणि टोपीत लाकडाच्या स्क्रूसारखं अणकुचीदार टोक असतं आणि ते वायरीच्या गाभ्यात फिरवत घुसवायचं असतं. तांब्याच्या तारांत ते घट्ट पकडतं. काचतंतूत घुसलं की तंतू तोडतं आणि पकड सैल राहते. शिवाय अशा वायरीचा दर फुटामागे होणारा विरोध सीडीआयच्या अतिजलद झटक्यासाठी धरलेलाच नसतो.

खरखर कमी करण्याचं काम आउटबोर्डमध्ये टोपी किंवा प्लग करतो. टोपीवर ०५ असा आकडा असेल तर आत पाच हजार ओहमचा रेझिस्टर असतो. प्लगच्या नंबरात ‘आर’ असेल तर तो रेझिस्टर प्लग. यामाहाच्या अनेक जुन्या टू-स्ट्रोक मोटरींना एनजीकेचा बी७एचएस-१० लागतो: ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, ७ ही उष्णतेची श्रेणी, ‘एच’ म्हणजे १२.७ मिलिमीटर लांबीचा आटा आणि शेवटचे १० म्हणजे १.० मिलिमीटर फट. त्याचाच रेझिस्टरवाला भाऊ बीआर७एचएस-१०. मोटरच्या पुस्तकात जे सांगितलं असेल तेच घ्यावं. टोपीत रेझिस्टर असताना वर रेझिस्टर प्लगही लावला, असं दुहेरी काम पुस्तकाने सांगितल्याशिवाय करू नये.

टोपी घेताना आणखी एक बारकावा. काही टोप्या प्लगच्या माथ्यावरच्या गोल नटावर बसतात, काही नट काढून नुसत्या आट्यावर. दुचाकीच्या टोप्या बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारच्या असतात. चुकीची टोपी लावली तर ती एकतर बसत नाही किंवा सैल बसते, आणि हादऱ्याने आत ठिणग्या उडत राहतात. जुना प्लग खिशात घालून दुकानात जावं आणि टोपी त्यावर ‘टक’ करून बसते का ते तिथेच बघावं.

जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या जुन्या मोटरींत रचना जराशी निराळी असते. रबरी टोपीच्या आत स्प्रिंगसारखं वळलेलं टर्मिनल असतं आणि त्याचं टोक वायरीच्या आरपार गाभ्यात टोचलेलं असतं. जॉन्सनचं नाव बाजारातून गेलं, एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळे जुनं टर्मिनल शाबूत असेल तर फेकू नये; साफ करून पुन्हा वापरता येतं.

काही मोटरींत वायर कॉइलच्या अंगातच ओतून पक्की केलेली असते. तिथे वायर ओढून काढायचा प्रयत्न केला तर कॉइल जाते. दोष टोपीकडच्या टोकाला असेल तर तेवढं टोक कापून नवी टोपी लावावी. दोष मधोमध किंवा कॉइलजवळ असेल तर कॉइलसकट बदलावी. मध्ये जोड देऊन टेप गुंडाळणं खाडीवर टिकत नाही. जोड म्हणजे मिठाच्या पाण्याला दिलेलं दारच.

सामान शोधायला फार वणवण करावी लागत नाही. तांब्याच्या गाभ्याची मीटरवारी मिळणारी वायर आणि टोप्या दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा मशीद बंदरला उतरून नागदेवीच्या गल्ल्यांत हिंडलं तर क्लिपा, सिलिकॉन ग्रीस, स्टेनलेसचे नट असं बाकीचंही हाती लागतं. मीटरवारी वायर घेताना दुकानदाराला ताजं टोक कापायला सांगा आणि गाभा बघा. तांबं दिसलं तर घ्या. काळा, धाग्यासारखा गाभा दिसला तर ती गाडीची वायर.

बदलायचं कसं

सगळ्या वायरी एकदम काढू नका. एक काढायची, तिची नवी बसवायची, मग दुसरी. आउटबोर्डमध्ये सगळ्यात वरचा सिलिंडर पहिला मोजतात. प्रत्येक वायरीवर टेपचा तुकडा लावून १, २, ३ लिहा. दोन सिलिंडरच्या मोटरमध्ये वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगी अर्धी फेरी चुकते आणि मोटर लागण्याऐवजी फटाके फोडते. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तर क्लिपांच्या जागाही विसरत नाहीत.

सुरुवातीला सेफ्टी क्लिप काढा, बॅटरी असेल तर तिची तार सोडा, पेट्रोलचा पाइप काढा. टोपी धरून, पिरगाळत, प्लगवरून उतरवा. दुसरं टोक कॉइलमध्ये स्क्रूवर असेल तर रबरी बूट मागे सरकवा आणि वायर डावीकडे फिरवत बाहेर काढा. कॉइलच्या तोंडात हिरवट गंज असेल तर कडक ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळू द्या. स्क्रू गंजून बारीक झाला असेल तर नवी वायरही तिथे पकडणार नाही. अशी कॉइल बदललेलीच बरी.

जुनी वायर टेबलावर सरळ करून नवी तिच्याइतकी, वर एक सेंटिमीटर जादा धरून कापा. लांबी मोजायची ती टोपीच्या आतल्या स्क्रूपर्यंत, टोपीच्या तोंडापर्यंत नव्हे. फार लांब वायर फ्लायव्हीलकडे झुकते, आखूड वायर मोटर हादरताना टोपीतून निसटते. कापताना धारदार पातं वापरा आणि काप अगदी सरळ, काटकोनात द्या. पक्कडीने दाबून कापली तर गाभा चेपतो आणि स्क्रू मध्यभागी शिरत नाही.

आता बूट आधी वायरीवर चढवा. हे विसरून पुढचं सगळं पक्कं करणारे आणि मग पुन्हा उघडणारे पुष्कळ. वायरीचं टोक कॉइलच्या स्क्रूवर बरोबर मधोमध टेकवा आणि उजवीकडे फिरवत आत घ्या. सुरुवातीला सैल, मग घट्ट, मग फिरेनाशी होते, तिथे थांबा. हळूच ओढून बघा, निसटता कामा नये. टोपीकडेही तसंच. जॉन्सन-एव्हिनरूडच्या टोपीत टर्मिनलचं टोक वायरीच्या मध्यातून गाभ्यात टोचलं आहे ना, हे मल्टिमीटरने खात्री करून मगच रबर पुढे सरकवा.

बुटाच्या आणि टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. हे ग्रीस वीज वाहत नाही. त्याचं काम ओलावा बाहेर ठेवण्याचं आणि रबर प्लगला चिकटू न देण्याचं. म्हणून ते रबराला लावायचं, धातूच्या टर्मिनलमध्ये कोंबायचं नाही. साधं चाकाचं ग्रीस वापरू नये, त्याने रबर फुगतं.

वायर मूळच्याच वाटेने न्या आणि मूळच्याच क्लिपांत बसवा. फ्लायव्हीलपासून, थ्रॉटलच्या दांडीपासून आणि गरम भागांपासून अंतर राहू द्या. सीडीआयकडे जाणाऱ्या पल्सर कॉइलच्या बारीक तारांना प्लगची वायर बांधू नका. तिचा झटका त्या तारांत खोटा इशारा निर्माण करू शकतो. क्लिप नसेल तर प्लॅस्टिकचा टाय चालेल, पण वायर चिमटेल इतका आवळू नये.

याच वेळी प्लगही नवे लावावेत. प्लगची टोकं झिजली की फट वाढते आणि वाढलेली फट जास्त व्होल्टेज मागते. नव्या वायरीवर विनाकारण ताण येतो. फट पुस्तकाप्रमाणे तपासा. नवा १४ मिलिमीटरचा वायसरवाला प्लग बोटांनी पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. सिलिंडरचं डोकं अॅल्युमिनियमचं असतं. जास्त जोर लावला तर आटे जातात आणि ते काम वायरींपेक्षा कितीतरी महाग पडतं.

पुन्हा परीक्षा

काम झाल्यावर उघड्या हवेत ठिणगी बघून समाधान मानू नका. टेस्टरवर १०-११ मिलिमीटरची फट पुन्हा लावा. अंधारात तुषार मारून बघा. नव्या वायरीवर एकही निळी रेघ दिसता कामा नये. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाजूने नीट येते आहे ना, हे ड्रममध्येच बघून घ्या. शेवटी होडीला लावून, माणसं बसवून, भरतीविरुद्ध पूर्ण थ्रॉटलवर पाचेक मिनिटं चालवा. परत आल्यावर प्लग काढा. सगळ्यांचा रंग एकसारखा तपकिरी असेल तर काम झालं. एकच ओला-काळा निघाला तर त्याची वायर शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलवर नेऊन बघा, मात्र ती सुटी होऊन तिथे पोचत असेल तरच. दोष वायरीबरोबर हलला तर दोष वायरीचा, जागेवरच राहिला तर कॉइलचा किंवा त्याच्या आधीचा. तो शोध लागल्याशिवाय आणखी सामान विकत घेऊ नये.

एवढं केल्यावर वायरी टिकवायच्या असतील तर मोटर हवाबंद गुंडाळू नका. ताडपत्री घट्ट बांधली की आतला दमटपणा आतच राहतो. वर सावली आणि खालून वारा अशी सोय करावी. खाडीतून आल्यावर मोटर गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये चालवून धुवावी, झाकण उघडं ठेवून वाळू द्यावी. गंज रोखणारा तेलकट फवारा ब्लॉकला मारावा, रबरी वायरींना नाही. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, एकदा तुषाराची परीक्षा घ्यावी. आणि बोटीतल्या कोरड्या डब्यात प्लगचा पाना, दोन प्लग, एक टोपी आणि मोटरमधल्या सर्वांत लांब वायरीच्या मापाची, बूट आणि टोपी चढवून तयार केलेली एक वायर ठेवावी. लांब वायर कुठल्याही सिलिंडरला पुरते. पुराच्या पाण्यात वायर मोजून कापायला कोणाला वेळ नसतो.